रेल्स ३ कुणाचं? मर्बच्या विलीनीकरणातल्या श्रेयाचा एक प्रकरण अभ्यास

२३ डिसेंबर २००८ रोजी रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणाऱ्यांना एकाच दिवशी दोन निवेदनं वाचायला मिळाली. एक 'रूबी ऑन रेल्स' (थोडक्यात रेल्स) या वेब अॅप्लिकेशन बांधण्याच्या फ्रेमवर्कचे, म्हणजे तयार सांगाड्याचे, जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांचं, दुसरं 'मर्ब' या प्रतिस्पर्धी फ्रेमवर्कची धुरा सांभाळणाऱ्या येहुदा कॅट्झ यांचं. शब्द वेगवेगळे होते, बातमी एकच होती. मर्ब रेल्समध्ये विलीन होणार, आणि दोन्ही चमू मिळून जे घडवतील ते रेल्स ३ या नावाने बाहेर येणार. मर्बची १.० आवृत्ती जेमतेम महिनाभरापूर्वी निघालेली. दोन्ही बाजूंचे पाठीराखे तोवर एकमेकांना चांगलेच टोले हाणत होते. एका म्यानात या दोन तलवारी राहतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सॉफ्टवेअरच्या जगात प्रकल्प एकत्र आल्याच्या गोष्टी फार नाहीत. फुटून वेगळे झाल्याच्या मात्र पुष्कळ आहेत. त्यामुळे हे प्रकरण सहसा शहाणपणाचं आणि मनाच्या मोठेपणाचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं, आणि ते बव्हंशी खरंही आहे. पण मला त्यात वेगळाच प्रश्न दिसतो. प्रतिस्पर्धी आपल्याकडे आला, त्याची मतं आपण स्वीकारली, आपलं उत्पादन त्यामुळे सुधारलं. आता श्रेय कशाचं द्यायचं? त्याने नंतर आपल्यासाठी लिहिलेल्या कोडचं, की आपण त्याला विरोध करत होतो तेव्हा तोच बरोबर होता याचं? पहिल्या प्रकारचं श्रेय इथे भरभरून दिलं गेलं. दुसऱ्या प्रकारचं देण्यासाठी कुणाकडे रकानाच नव्हता.

फाइल अपलोडपासून सुरुवात

रेल्स २००४ मध्ये जाहीर झालं. '३७सिग्नल्स' कंपनीच्या बेसकॅम्प या उत्पादनातून हॅन्सन यांनी ते वेगळं काढलं होतं. डिसेंबर २००५ मध्ये १.० आवृत्ती आली आणि वेब अॅप्लिकेशन लिहिण्याची पद्धतच बदलून गेली. रेल्सचा बाणा असा की ठरावीक गोष्टींसाठी ठरावीक निवड आम्ही आधीच करून ठेवली आहे, तुम्ही उगाच डोकं शिणवू नका. डेटाबेससाठी अॅक्टिव्ह रेकॉर्ड, ब्राउझरमधल्या हालचालींसाठी प्रोटोटाइप ही जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचा संच), फाइलींची जागा ठरलेली, नावंही ठरलेली. नव्याने शिकणाऱ्याला हे फार सोयीचं होतं. ज्याच्या गरजा चाकोरीबाहेरच्या होत्या त्याला मात्र काच जाणवायचा.

त्यातला एक काच एझ्रा झिगमुंटोविझ यांना जाणवला. रूबीच्या जगात त्यांना सगळे एझ्रा म्हणूनच ओळखत. रेल्सची अॅप्लिकेशन्स चालवून देणाऱ्या 'इंजिन यार्ड' या होस्टिंग कंपनीचे ते एक संस्थापक. म्हणजे रेल्स प्रत्यक्ष सर्व्हरवर कुठे दम टाकतं हे त्यांना रोज दिसत होतं. त्या काळी रेल्सची एक प्रोसेस (चालू प्रोग्रॅमची एक प्रत) एका वेळी एकच विनंती हाताळायची. कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की ती प्रोसेस त्यातच अडकून पडायची आणि मागचे सगळे ताटकळायचे. २००६ मध्ये एझ्रांनी त्यावर एक छोटा उतारा लिहिला. झेड शॉ यांच्या 'मंग्रेल' या वेब सर्व्हरला थेट जोडलेला, रेल्सला वळसा घालून अपलोड घेणारा थोडासा कोड. मंग्रेल आणि रूबीची 'ईआरबी' ही टेम्प्लेट पद्धत यांचा जोडशब्द म्हणजे मर्ब.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मर्बचा जन्म रेल्सला हरवण्यासाठी झाला नव्हता. रेल्सच्या शेजारी बसून त्याचं एक अवघड काम करण्यासाठी तो झाला होता. बंड नंतर आलं.

पुढच्या दोन वर्षांत तो उतारा पूर्ण फ्रेमवर्क झाला. 'न लिहिलेल्या कोडपेक्षा वेगवान कोड नसतो' हे एझ्रांचं वाक्य मर्बचं ब्रीद बनलं. गाभा लहान, बाकी सगळं हवं तर जोडा. डेटाबेससाठी अॅक्टिव्ह रेकॉर्ड घ्या, डेटामॅपर घ्या नाहीतर सीक्वेल घ्या, फ्रेमवर्कला फरक पडू नये. एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, चालावेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठल्या मेथड (कोडमधले नावाने हाक मारता येणारे तुकडे) बाहेरच्यांनी वापरायच्या आणि कुठल्या आतल्या वापरासाठी आहेत हे स्पष्ट लिहून ठेवायचं.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण रेल्सची खरी दुखरी नस तीच होती. रेल्सचे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे तुकडे, लिहिणारे लोक फ्रेमवर्कच्या पोटात हात घालून आतल्या मेथड परस्पर बदलत. मूळ मेथडचं नाव बाजूला सारायचं, त्या जागी स्वतःची मेथड बसवायची आणि तिच्यातून मूळ मेथडला हाक मारायची; यासाठी रेल्समध्ये 'अलायस मेथड चेन' नावाची सोयच होती. चार प्लगइननी एकाच मेथडशी हा खेळ केला की नेमकं काय चाललंय हे कुणालाच कळेना. रेल्सची नवी आवृत्ती आली की प्लगइन मोडत, आणि दोष कुणाचा यावर वाद होत. प्लगइनवाले म्हणत, तुम्ही आतलं बदललंत. रेल्सवाले म्हणत, आत शिरायला तुम्हाला सांगितलं कुणी? सीमारेषाच आखलेली नसेल तर ओलांडली कुणी हे ठरवायचं कसं?

कॅट्झ मर्बमध्ये आले ते साधारण याच टप्प्यावर. इंजिन यार्डने त्यांना मर्बवर काम करायला पगारी नेमलं. मर्बच्या चमूत त्यांच्याबरोबर कार्ल लर्च होते, मॅट एमोनेटी होते, आणखीही काही जण होते. इथे पैशाची बाजू नीट पाहायला हवी. इंजिन यार्डचं उत्पन्न मुख्यतः रेल्स चालवणाऱ्या ग्राहकांकडून यायचं, आणि तीच कंपनी रेल्सच्या प्रतिस्पर्ध्याला पोसत होती. यात कुणाला कट दिसला असेल तर असो. मला तो एक शहाणा विमा वाटतो. पण त्याचा परिणाम असा की विलीनीकरणाने या कंपनीचं काही बिघडणार नव्हतं; झाला तर फायदाच होता. ज्यांचा पगार प्रतिस्पर्ध्याच्या नाशावर अवलंबून नाही अशी माणसं तहाला लवकर तयार होतात, आणि तहाच्या गोष्टी सांगताना आपण हा मुद्दा फार पटकन विसरतो.

नोव्हेंबर २००८

त्या एका महिन्यात तीन गोष्टी घडल्या. मर्ब १.० आलं. रेल्स २.२ आलं, आणि त्यात रेल्स पहिल्यांदा थ्रेडसाठी सुरक्षित झालं, म्हणजे अनेक थ्रेड एकत्र चालवणं निर्धोक झालं. तिसरी म्हणजे हॅन्सन यांनी रेल्सबद्दलच्या गैरसमजांवर एक लेखमालिका लिहिली. रेल्स हा एकसंध ठोकळा आहे, त्यातलं काही काढता-घालता येत नाही, हा आरोप खोडणारा लेखही त्यात होता. मर्बचं नाव दर वेळी घेतलं नसलं, तरी रोख कुणाकडे होता हे वाचणाऱ्यांना कळत होतं.

रेल्स २.२ मधलं थ्रेडचं काम जॉश पीक या विद्यार्थ्याने गूगलच्या 'समर ऑफ कोड' उपक्रमात केलं होतं. ते त्याचं काम आहे, त्याच्या नावावर आहे, यात वाद नाही. मग प्रश्न उरतो की हे काम तेव्हाच का हातात घेतलं गेलं. मर्ब दोन वर्षं 'आमच्याकडे थ्रेड चालतात' हे सांगत फिरत होतं, याचा त्यात काही वाटा असेल का? मी 'हो' असं ठामपणे म्हणणार नाही. रेल्सकडे जाव्हाच्या आभासी यंत्रावर चालणाऱ्या जेरूबी या रूबीच्या अवताराच्या वापरकर्त्यांचीही मागणी होती, आणि थ्रेडची गरज त्यांना सगळ्यांत जास्त होती. दबाव एकाच दिशेने येत नाही. पण ही अडचण केवळ मला नंतर बसून लिहिताना येते आहे असं नाही. श्रेय देणाऱ्यालाही तीच येते. पॅच (कोडमधला बदल) कुणी लिहिला हे दाखवता येतं, तो लिहावासा का वाटला हे दाखवता येत नाही.

मर्बच्या बाजूनेही सगळं धुतल्या तांदळासारखं नव्हतं. वेगाचे आकडे मांडायचे तर मर्बला सोयीच्या चाचण्या निवडायच्या, रेल्सच्या जुन्या आवृत्तीशी तुलना करायची, असे प्रकार अशा स्पर्धेत सगळेच करतात. मुळात मर्बने रेल्सकडून किती घेतलं होतं? मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर यांची मांडणी, कुठली विनंती कुठल्या कोडकडे जाईल हे ठरवणाऱ्या राउटरची भाषा, फोल्डरांची रचना, नावं देण्याची रीत, अर्ध्याहून अधिक गोष्टी रेल्सच्या वापरकर्त्याला ओळखीच्या वाटाव्यात अशाच होत्या. 'आम्ही लहान आणि वेगवान' हे सांगताना 'आम्ही त्यांच्याच आराखड्यावर उभे आहोत' हे वाक्य घोषणेत बसत नाही. स्पर्धेत उतरलं की श्रेय देणं दोन्हीकडून आटतं.

तहाची कलमं

डिसेंबरच्या निवेदनांनी एक गोष्ट उत्तम केली. 'आम्ही एकत्र येत आहोत' एवढ्यावर न थांबता मर्बकडून नेमकं काय येणार ते त्यांनी सांगितलं. चार मुद्दे होते. रेल्सचा गाभा सुटा करायचा, म्हणजे ज्याला थोडंच हवं त्याला थोडंच घेता येईल. मर्बमधल्या वेगाच्या सुधारणा रेल्समध्ये आणायच्या. डेटाबेस, जावास्क्रिप्ट, टेम्प्लेट यांबाबत फ्रेमवर्क तटस्थ करायचं, ठरलेली निवड मात्र तशीच ठेवायची. आणि प्लगइनवाल्यांसाठी जाहीर, पाळला जाणारा एपीआय (बाहेरच्यांनी वापरायच्या मेथडची ठरलेली सीमा) आखायचा.

श्रेय देण्याच्या दृष्टीने ही यादी मला आभाराच्या भाषणापेक्षा मोलाची वाटते. नुसतं 'मर्बच्या गुणी मंडळींचं स्वागत' म्हटलं असतं तर दोन वर्षांनी कुणालाच सांगता आलं नसतं की कुठली कल्पना कुठून आली. इथे ती नावासकट, काम सुरू होण्याआधी लिहून ठेवली गेली. आणि ती लिहिणाऱ्यांत ज्याच्यावर टीका झाली होती तो स्वतः होता. महिन्याभरापूर्वी 'रेल्स ठोकळा आहे हा गैरसमज' असं लिहिणाऱ्या माणसाने 'रेल्सचा गाभा सुटा करू' या कलमाखाली नाव घालणं, हे सोपं नसतं. हॅन्सन यांच्याशी अनेक बाबतींत माझं जमणार नाही, पण इथे त्यांना पूर्ण गुण.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे कॅट्झ थेट रेल्सच्या गाभा चमूत आले. सल्लागार म्हणून नाही, पाहुणे म्हणून नाही, कोड थेट आत टाकण्याचा अधिकार घेऊन. कार्ल लर्चही नंतर त्या चमूत गेले. श्रेयाचं सगळ्यात खणखणीत नाणं हे. 'तुमचं बरोबर होतं' असं म्हणणं एक आणि किल्ली हातात देणं दुसरं. इंजिन यार्डने या दोघांचा पगार चालूच ठेवला, फक्त काम बदललं.

मोबदल्यात मर्बने नाव सोडलं. मर्बच्या गोटात रेल्स ३ कडे 'मर्ब २' म्हणूनच बघितलं जात होतं, पण पाटी रेल्सचीच लागणार होती. ते व्यवहार्यच होतं, कितीतरी जास्त वापरकर्ते असलेल्या प्रकल्पाने नाव बदलायचं कारण नव्हतं. पण नाव गेलं की श्रेयाचा मोठा आधार जातो. लोक लेखकांची यादी वाचत नाहीत, पाटी वाचतात.

वीस महिने

रेल्स ३.० ऑगस्ट २०१० च्या अखेरीस आलं. मधले वीस महिने कॅट्झ आणि लर्च यांनी कंट्रोलरचा, म्हणजे आलेली विनंती हाताळणाऱ्या कोडचा, आतला भाग उसवून पुन्हा बांधण्यात घालवले. इथे एक तांत्रिक तपशील श्रेयाच्या हिशेबात निर्णायक ठरतो. मर्बचा कोड उचलून रेल्समध्ये आणला गेला नाही. रेल्सचाच कोड मर्बच्या विचाराने पुन्हा लिहिला गेला. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने हेच योग्य होतं, कारण लाखो अॅप्लिकेशन्सच्या जुन्या सवयी जपायच्या होत्या. पण त्यामुळे मर्बचा इतिहास, म्हणजे कुणी कधी कुठली ओळ लिहिली याची नोंद, रेल्सच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याच्या कोठारात, कधी शिरलीच नाही.

त्या दरम्यान काय-काय आलं ते पाहिलं तर श्रेयाचे धागे किती गुंतलेले असतात ते कळतं. सर्व्हर आणि फ्रेमवर्क यांच्यामधला 'रॅक' हा करार घ्या. मर्बने तो आधी स्वीकारला, रेल्सने मार्च २००९ च्या २.३ आवृत्तीत. मग श्रेय मर्बचं? रॅक लिहिलं लिआ नॉयकिर्शेन यांनी २००७ मध्ये, आणि त्याची कल्पना पायथनच्या 'डब्ल्यूएसजीआय' या २००३ साली मांडल्या गेलेल्या प्रस्तावावरून आली, हे त्यांनी लपवलं नव्हतं. म्हणजे ज्याचा मान मर्बच्या पदरात टाकायला आपण निघालो तो मर्बनेही दुसऱ्याकडून घेतलेला, आणि दुसऱ्यानेही तिसऱ्या भाषेतून.

मर्बमध्ये 'स्लाइस' होते, म्हणजे मोठ्या अॅप्लिकेशनच्या आत बसणारी छोटी अॅप्लिकेशन्स. रेल्समध्ये पुढे 'इंजिन' पूर्णत्वाला आलं ते ३.१ मध्ये. हे मर्बचंच देणं, असं म्हणून मोकळं होता येईल का? नाही. रेल्ससाठी इंजिनचं प्लगइन जेम्स अॅडम यांनी मर्बच्याही आधी लिहिलं होतं, आणि रेल्सच्या मूळ कोडात ते आणून रुजवण्याचं मोठं काम प्योत्र सारनात्स्की यांनी २०१० च्या उन्हाळ्यात केलं. स्लाइसने त्या कल्पनेला धार दिली असेल, पण मालकी दाखवता येणार नाही.

'बंडलर' याउलट बऱ्यापैकी सरळ आहे. एखाद्या प्रकल्पाला लागणाऱ्या लायब्ररी आणि त्यांच्या नेमक्या आवृत्त्या एका फाइलीत गोठवणारं हे साधन. मर्ब अनेक तुकड्यांत विभागलेलं असल्यामुळे त्या तुकड्यांच्या आवृत्त्या जुळवताना मर्बवाल्यांच्या नाकी नऊ येत, आणि त्या त्रासातून कॅट्झ आणि लर्च यांना ही गरज आधी कळली. बंडलरची १.० आवृत्ती रेल्स ३ च्या आगेमागेच आली. रेल्सचा रोजचा वापरकर्ता दिवसातून दहा वेळा जी आज्ञा देतो, ती मर्बच्या दुखण्यातून आली आहे, हे आज किती जणांना ठाऊक असेल?

जावास्क्रिप्टबाबतचं कलम पाळलं गेलं ते रंजक पद्धतीने. रेल्स ३ मध्ये एचटीएमएलमध्ये कोड ओतणं थांबलं, त्याऐवजी फक्त खुणा लिहिल्या जाऊ लागल्या आणि त्या वाचणारी लायब्ररी कुठलीही चालू लागली. परिणाम असा की रेल्स ३.१ मध्ये प्रोटोटाइपची जागा जेक्वेरीने घेतली. एकदा दार उघडलं की आत कोण येईल हे दार उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

नोंदवह्या काय टिपतात

श्रेय कुठेतरी नोंदवावं लागतं, आणि नोंदवहीचा आकार ठरवतो काय नोंदवलं जाईल.

पहिली नोंदवही परवान्याची. रेल्स आणि मर्ब दोन्ही एमआयटी परवान्याखाली. हा परवाना एवढंच मागतो की कोड घेतलात तर कॉपीराइटची सूचना सोबत ठेवा. कल्पना घेतली, कोड स्वतः लिहिला, तर तो काहीच मागत नाही. कॉपीराइट मुळात कल्पनेला लागूच होत नाही. त्यामुळे रेल्स ३ च्या परवान्याच्या फाइलीत एकट्या हॅन्सन यांचं नाव राहिलं आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात तसूभरही चूक नाही.

दुसरी नोंदवही कोडच्या इतिहासाची. रेल्स सुरुवातीला ही नोंद ठेवण्यासाठी सबव्हर्जन हे साधन वापरायचं. त्यात बदल आत टाकणाऱ्याचंच नाव राहतं, पॅच लिहून पाठवणाऱ्यासाठी वेगळी जागा नाही. रेल्सने यावर आपली रीत काढली: संदेशाच्या शेवटी चौकटी कंसात मूळ लेखकाचं नाव लिहायचं. छोटी गोष्ट, पण हजारो लोकांचं काम त्या कंसांमुळे वाचलं. एप्रिल २००८ मध्ये रेल्स गिट या दुसऱ्या साधनावर आलं. गिटमध्ये लेखक वेगळा आणि कोड आत घेणारा वेगळा, असे दोन रकाने मुळातच आहेत. रेल्सच्या योगदानकर्त्यांची जी यादी आज चालते ती जुने कंस आणि नवे रकाने दोन्ही वाचून नावं जुळवते. मला ही यादी फार आवडते. कुणी एक शब्दलेखनाची चूक दुरुस्त केली असेल तरी तो तिथे आहे.

पण ती यादी रेल्सच्या रिपॉझिटरीपुरती. मर्बच्या रिपॉझिटरीत घातलेली वर्षं तिला दिसत नाहीत. कॅट्झ आणि लर्च यांची नावं तिथे ठळक आहेत, कारण त्यांनी नंतर रेल्समध्ये लिहिलं. एझ्रांनी मर्बमध्ये जे लिहिलं, ज्या कोडमुळे ही सगळी बोलणी झाली, ते तिथे मोजलं जात नाही.

तिसरी नोंदवही म्हणजे आवृत्तीच्या सोबतची टिपणं. रेल्स ३.० जाहीर करताना १,६०० हून अधिक योगदानकर्त्यांच्या कामाचा उल्लेख झाला. त्या आवृत्तीच्या टिपणांच्या सुरुवातीलाच मर्बचं नाव येतं. मर्बची मंडळी मैफलीत सामील झाली, त्यांनी तटस्थपणाचा आग्रह, सडपातळ आणि वेगवान गाभा आणि काही छान एपीआय आणले, अशा आशयाचं. मर्ब १.x वरून येणाऱ्यांना पुष्कळ काही ओळखीचं वाटेल, असंही तिथे म्हटलं आहे. म्हणजे श्रेय नाकारलं गेलं असं म्हणायला जागाच नाही. उलट, एवढ्या ठळकपणे प्रतिस्पर्ध्याचं नाव घेणारी टिपणं मी फार पाहिलेली नाहीत.

तरी त्या वाक्याची रचना पाहा. मर्बची मंडळी आली, आणि येताना चांगल्या गोष्टी घेऊन आली. पाहुण्याने भेट आणावी तशी. ती मंडळी येण्याआधी दोन वर्षं बाहेर उभी राहून 'हे चुकतंय' म्हणत होती, आणि तेव्हा त्यांचं म्हणणं खोडलं जात होतं, हा भाग त्या वाक्यात मावत नाही. कदाचित आनंदाच्या निवेदनात तो मावायचाही नसतो. आणि नाव येतं ते गटाचं, माणसाचं नाही. गटाला श्रेय दिलं की ते गटात सगळ्यात ठळक दिसणाऱ्यांच्या वाट्याला जातं, म्हणजे इथे विलीनीकरणानंतर रेल्सवर काम करणाऱ्यांच्या. सुरुवात करणारा आपोआप मागे सरकतो, कुणी ढकलावं लागत नाही. एझ्रा झिगमुंटोविझ २०१४ मध्ये वारले. त्यांच्या आठवणी लिहिणाऱ्या अनेकांनी मर्बचा उल्लेख केला, आणि रेल्स ३ मागचा हात म्हणून त्यांचं नाव बऱ्याच नव्या वाचकांनी तेव्हाच पहिल्यांदा वाचलं असावं.

ज्यांचा हिशेब राहिला

दोन प्रमुखांनी हात मिळवले की गोष्ट संपली असं वाटतं. मर्ब १.० वर आपलं काम नुकतंच सुरू केलेल्यांची मात्र तेव्हा सुरू झाली. काहींनी वरिष्ठांशी भांडून रेल्सऐवजी मर्ब निवडलं होतं. काही जण मर्बवर पुस्तकं लिहीत होते. १.० या आकड्याचा अर्थ 'आता हे स्थिर आहे, यावर विसंबा' असा असतो, आणि आठवड्यांच्या आत कळलं की पुढची वाट दुसऱ्याच्या घरातून जाते. मर्बची देखभाल चालू राहील, रेल्स ३ कडे जायचा सुकर रस्ता मिळेल, असं आश्वासन होतं. देखभाल काही काळ झाली. समाजातल्याच मंडळींनी २०१० मध्ये १.१ आवृत्ती काढली. रस्ता मात्र बहुतेकांसाठी नव्याने लिहिण्याचाच ठरला.

यांना श्रेय द्यायचं होतं का? मला वाटतं, हो, आणि कॅट्झ किंवा हॅन्सन यांच्याइतकंच. नव्या फ्रेमवर्कचे पहिले वापरकर्ते बग शोधतात, कागदपत्रांतल्या त्रुटी दाखवतात, आणि ते फ्रेमवर्क खरोखर चालतं हे सिद्ध करून प्रतिस्पर्ध्याला गंभीरपणे घ्यायला लावतात. मर्ब नुसता कागदावरचा विचार असता तर रेल्सने त्याच्याशी तह केला नसता. ज्यांनी ती किंमत चुकवली त्यांच्यासाठी निवेदनात पुढच्या रस्त्याचं आश्वासन होतं. तुमच्यामुळे हे झालं, असं एक वाक्यही चाललं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

शेजारच्या जगात याचे काही नमुने आहेत. नोडसाठीचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टसाठीचं, 'एक्सप्रेस' हे फ्रेमवर्क सुरुवातीला स्वतःची ओळखच 'सिनात्रावरून स्फुरलेलं' अशी करून द्यायचं. सिनात्रा हे रूबीतलं छोटं फ्रेमवर्क. एक्सप्रेस पुढे कितीतरी पट लोकप्रिय झालं, आणि तरी सुरुवातीच्या वर्षांत ज्याने ते उघडलं त्याने सिनात्राचं नाव पहिल्या ओळीत वाचलं. हे सोपं होतं, कारण भाषा वेगळी, ग्राहक वेगळे, स्पर्धाच नव्हती. रेल्स आणि मर्ब एकाच भाषेत, एकाच लोकांसाठी झगडत होते. तिथे पहिल्या ओळीत दुसऱ्याचं नाव लिहिणं म्हणजे ग्राहकाला त्याचा पत्ता देणं. म्हणून एक्सप्रेसची तुलना रेल्सच्या तोंडावर फेकणं अन्यायाचं होईल.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, रीत जास्त उपयोगाची आहे. तिथे बदलाच्या संदेशाखाली ठरावीक खुणांच्या ओळी लिहितात: कुणी तपासलं, कुणी चाचणी केली, दोष कुणी कळवला, आणि कल्पना कुणी सुचवली. कोड एकाही ओळीचा न लिहिता माणूस कर्नलच्या इतिहासात राहू शकतो. रेल्स ३ च्या वेळी कंट्रोलर उसवणाऱ्या त्या बदलांखाली 'मूळ कल्पना: मर्ब, एझ्रा' अशी ओळ पडली असती तर आज गिटचा इतिहास चाळणाऱ्याला ती दिसली असती. खर्च शून्य होता. गिटवरचा कोड ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने सहलेखकांची नावं दाखवायला सुरुवात केली ती २०१८ मध्ये. पण संदेशात साधा मजकूर लिहायला साधनाची वाट बघावी लागत नाही, रेल्सचे चौकटी कंस त्याचाच पुरावा.

अर्थात यावरही आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. कल्पनेचं श्रेय द्यायला लागलं की थांबायचं कुठे? एझ्रांचं नाव लिहायचं तर रॅकखाली नॉयकिर्शेन यांचं आणि डब्ल्यूएसजीआयवाल्यांचंही लिहायला हवं, इंजिनखाली जेम्स अॅडम यांचं, आणि मर्बच्या प्रत्येक फाइलीखाली रेल्सचं. शिवाय सुचवलं म्हणजे काय? मर्बने रेल्सला काही सुचवलं नव्हतं; त्याने रेल्सशेजारी दुसरं घर बांधून दाखवलं. कर्नलच्या रीतीतही 'सुचवणारा' आपल्याच टपालयादीवरचा, आपल्याच बाजूचा असतो. विरोधात उभा राहून ज्याने भाग पाडलं त्याच्यासाठी तिथेही खूण नाही. मी स्वतः लिहिली असती तर 'आक्षेप: अमुक' अशी लिहिली असती.

त्या माणसांचं पुढे काय झालं हेही या हिशेबाचाच भाग आहे. कॅट्झ आणि लर्च यांनी २०१४ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी 'कार्गो' हे लायब्ररी जुळवणारं साधन उभं केलं, आणि त्यातली गोठवलेल्या आवृत्त्यांची फाइल सरळसरळ बंडलरच्या घराण्यातली आहे. लर्च यांनी पुढे रस्टमध्ये 'टोकियो' सुरू केलं, एका प्रोसेसमध्ये अनेक विनंत्या न अडकता हाताळण्यासाठी. रेल्स ३ च्या काळात गूगलच्या त्याच विद्यार्थी उपक्रमातून आलेले जोझे वालिम यांनी 'एलिक्सिर' ही भाषा केली, आणि तीही थ्रेडच्या दुखण्याला कंटाळूनच. एक अपलोड अडकतो म्हणून लिहिलेला थोडासा कोड, आणि त्याच्या आसपास वावरलेली माणसं पुढची पंधरा वर्षं तोच प्रश्न वेगवेगळ्या भाषांत सोडवत राहिली. यातली कुठलीही रिपॉझिटरी उघडा, मर्बचा उल्लेख शोधून पाहावा लागेल.